ड्रेन बोल्टचा वायसर बिलावर लिहा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की तुमच्या पेपरात गाडीची काळजी कशी घ्यायची यावर अर्धं पान येतं, वायपर बघा, टायर बघा, ब्रेक बघा, सगळं बरोबरच असतं, मी दरवर्षी ते कापून गाडीच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवतो. पण त्यात एक गोष्ट अजून कधी आली नाही, ती यावी म्हणून हे पत्र लिहितोय. चेंबरच्या, म्हणजे इंजिनखाली ऑईल साठतं त्या भांड्याच्या, ड्रेन बोल्टला जो वायसर, म्हणजे बोल्टखालची बारीक चकती, असते ती. ऑईल बदलताना हा बोल्ट काढतात, काळं ऑईल खाली सोडतात, बोल्ट परत लावतात, वरून नवीन ऑईल ओततात. वायसर मात्र तोच जुना. दहा-वीस रुपयाची वस्तू आहे हो, आणि तेवढ्यासाठी माझी मुलांनी भरलेली गाडी भर पावसात रस्त्यावर उभी राहिली.

मी कोल्हापुरात विद्यार्थी वाहतूक करतो, स्वतःची ईको व्हॅन आहे. सकाळी साडेसहाला फुलेवाडीतून पहिलं पोरगं उचलतो, रंकाळ्याकडून गावात येतो, शाळेत सोडतो, मग दुपारची पाळी. दिवसाला किलोमीटर फार होत नाहीत पण थांबत थांबत जाणं असतं, गाडी सारखी चालू-बंद, म्हणून मी ऑईलच्या बाबतीत कंजुषी करत नाही, आठ हजार किलोमीटरला बदलतोच. मागच्या वर्षी जुलैत एका शनिवारी असंच ऑईल आणि फिल्टर बदलून घेतलं. रविवारी सकाळी दारातल्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग. गॅरेजला फोन केला तर म्हणाले, बदलताना चेंबरवर सांडलेलं असतंय, निथळून जाईल, पुसून घ्या. पुसलं. बुधवारपर्यंत डाग ताटलीएवढा झाला होता. परत गेलो. तिथल्या पोरानं खाली झोपून रिंग पाना लावला, पान्याला पाईप घातला आणि बोल्ट अजून एक आटा आवळला, म्हणाला आता काय हलत नाही. खरंच आठ-दहा दिवस थेंब पडला नाही, म्हणून मी पण निर्धास्त झालो, आणि इंजिनात ऑईल किती आहे ते दाखवणारी पट्टी बघायची माझी नेहमीची सवय नेमकी त्या दहा दिवसांत राहिली, ती चूक माझीच.

मग एका सकाळी पाऊस जोरात, गाडीत पोरं, रंकाळ्याच्या वळणावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा एकदा चमकला आणि गेला. पुढच्या वळणावर परत चमकला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तो दिवा ऑईल किती आहे ते दाखवत नाही, ऑईलचं प्रेशर पडलं की तो लागतो. चेंबरमध्ये ऑईल कमी असलं की वळणावर ते एका बाजूला जातं, ऑईल ओढायची खालची जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि दिवा चमकतो, सरळ रस्त्यावर आलं की विझतो. पुष्कळजणांना वाटतं वायरिंगचा लूज कॉन्टॅक्ट असेल, म्हणून ते तशीच गाडी पुढे नेतात. मी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, पट्टी काढली तर टोकाला सुद्धा ऑईल नाही. खाली वाकून बघतो तर बोल्टच्या कडेनं धार लागलेली, थेंब नव्हे, बारीक धार, आणि बोल्ट हातानं हलत होता.

पोरांना पावसात खाली उतरवता येईना, रस्त्याकडेला थांबवता येईना. आमच्या व्हॅनवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, एकजण आपली पोरं सोडून परत आला आणि माझी घेऊन गेला, तोवर पाऊण तास गेला. त्यातल्या दोघांची घटक चाचणी होती. एक पाचवीतली मुलगी रडायलाच लागली, काका पेपर सुरू झाला असेल. पालकांचे फोन वेगळेच, त्यांचं चूक नाही, त्यांनी आपली लेकरं माझ्या हवाली केलेली असतात.

गाडी टोचन लावून दुसऱ्या एका मिस्त्रींकडे नेली. आटे गेलेले, चेंबर उतरवून नवीन बसवावं लागलं, पॅकिंग, ऑईल, मजुरी धरून साडेतीन हजाराच्या वर गेले आणि दोन दिवसांचा धंदा बुडाला. इंजिन वाचलं ही देवाची कृपा, कारण मी लगेच बंद केलं होतं, नाहीतर बेअरिंग जाम होऊन आकडा कुठल्या कुठे गेला असता. मिस्त्रींनी जुना वायसर माझ्या तळहातावर ठेवला. कागदासारखा चपटा झालेला, एका बाजूला पातळ, एका बाजूला जाड, मधे गोल चरा. मी तो घेऊन पहिल्या गॅरेजमध्ये गेलो, भांडायला नाही, खरंच नाही, फक्त विचारायला. ज्या पोरानं बोल्ट आवळला होता त्याला म्हटलं हा कधी बदलला होता. तो माझ्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "ह्यो बदलायचा असतोय व्हय?"

साहेब, त्या पोराचा मला राग आला नाही. एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं, सकाळपासून रात्रीपर्यंत गाड्यांखाली झोपून काम करतंय, त्याला कुणी सांगितलंच नाही तर त्यानं काय करायचं. पण तेव्हापासून मी दहा-बारा व्हॅनवाल्यांना विचारलं, तुमचा वायसर कधी बदललाय, एकालाही सांगता आलं नाही. चार गॅरेजमध्ये विचारलं. एकानं सांगितलं आम्ही दरवेळी बदलतो आणि डबा काढून दाखवला. बाकी तिघं म्हणाले गळायला लागला तर बदलतो.

गळायला लागल्यावर बदलून उपयोग काय हे मला वडिलांमुळे कळलं. माझे वडील उद्यमनगरात ऑईल इंजिनच्या कारखान्यात फिटर होते. शेतावर पाणी उपसायला डिझेलची जी इंजिनं असायची, जी कोल्हापूरनं गावोगाव पाठवली, त्यांच्या डिझेलच्या पाईपला भोकाचे बोल्ट असतात आणि प्रत्येक बोल्टला दोन्ही अंगाला तांब्याचा वायसर. वडील म्हणायचे बोल्ट गळती थांबवत नाही, वायसर थांबवतो, बोल्टचं काम नुसतं त्याला दाबून धरायचं. आता हे वाक्य मला रोज आठवतं. बोल्टचा हेडा आणि चेंबर, दोन्हीच्या कडा हाताला गुळगुळीत लागतात पण त्यावर बारीक चरे असतात, लोखंडावर लोखंड कितीही आवळा, त्या चऱ्यांतून पातळ गरम ऑईल वाट काढणारच. तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियम मऊ, दाबलं की ते त्या चऱ्यांत घुसतं आणि वाट बंद करतं. पण एकदा दाबलं गेलं की तांबं कडक होतं. शिवाय त्याच्यावर त्या दिवशीच्या जागेचा ठसा उमटलेला असतो. पुढच्या वेळी बोल्ट लावताना वायसर बरोबर त्याच ठशावर बसत नाही, थोडा फिरतो, जुना चरा एकीकडे आणि नवा दुसरीकडे, आणि कडक झालेला असल्यामुळे त्याला नवीन आकार घेता येत नाही. म्हणून पाझर सुटतो. पाझर दिसला की माणूस आवळतो. अजून आवळतो. ताण सगळा आट्यांवर जातो, कुठल्या गाडीचं चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असतं तिथं आटे भाकरीच्या कडेसारखे तुटून येतात, आणि पत्र्याचं असलं तरी आत जोडलेल्या नटचे आटे जातातच. म्हणजे वायसर वाचवायला गेलो आणि चेंबर घालवलं.

वडील मात्र जुना तांब्याचा वायसर फेकून देत नव्हते हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर कुणीतरी लगेच म्हणेल आमचे जुने मिस्त्री तर वापरायचे. ते वायसर तारेत ओवून गॅसच्या ज्योतीवर किंवा भात्यावर लालबुंद करायचे आणि पाण्यात टाकायचे. पोलाद असं केलं तर कडक होतं पण तांब्याचं उलटं, तांबं लाल करून थंड केलं की परत मऊ पडतं. मग सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू घासायच्या आणि मग लावायचा. तो जुना वायसर नव्यासारखाच झालेला असायचा. आता कुणाकडे वेळ आहे, आणि आता सगळे वायसर नुसत्या तांब्याचे पण नसतात. कुठे अ‍ॅल्युमिनियमची चकती, तिला असं तापवायला गेलात तर वितळून हातात येईल. कुठे पत्र्याची आतून पोकळ घडी घातलेली रिंग असते, ती एकदाच चेपते, तिची तर दुसरी पाळी नसतेच. कुठे धातूच्या रिंगला आतून रबर चिकटवलेलं असतं, ते रबर गरम ऑईलनं कालांतरानं कडक होतं. काही नव्या गाड्यांना प्लास्टिकचं चेंबर आणि प्लास्टिकचाच बोल्ट येतो, तिथे अख्खा बोल्टच नवा घालायचा असतो. माझ्या गाडीला १४ एमएमचा लागतो. आपल्या गाडीला कुठला लागतो ते विचारून तोच घ्यावा, डब्यात हात घालून जो बसेल तो लावणं हे काम नव्हे.

आता हा बदलला का जात नाही, यावर मी बराच विचार केला. आळस असतो पण नुसता आळस नाही. आपल्याकडे पुष्कळ लोक ऑईलचा डबा आणि फिल्टर स्वतः दुकानातून आणून गॅरेजवाल्याला देतात, खात्रीचा माल म्हणून, मी पण तेच करतो. दुकानदार विचारतो किती लिटर, कुठलं ग्रेड, फिल्टर कुठल्या गाडीचा, वायसर पाहिजे का असं एकदाही कुणी विचारलं नाही. दहा रुपयाच्या वस्तूत त्याला दोन रुपये मिळणार, त्यासाठी पंचवीस मापाचे वायसर कोण ठेवणार. गॅरेजवाला ऑईल बदलायचे ठरलेले पैसे घेतो, वायसर आणायला पोराला दुकानात पाठवलं तर अर्धा तास जातो, तोवर दुसरी गाडी झाली असती. आणि आपण गिऱ्हाईक, आपल्याला माहीतच नाही की असं काही असतं. तिघांपैकी एकालाही त्याची गरज वाटत नाही म्हणून तो बदलला जात नाही. बोल्टखाली असल्यामुळे दिसतही नाही, फिल्टर नवा-कोरा चमकतो, ऑईल मधासारखं दिसतं, वायसर कुणी बघायला जात नाही.

बदलतानाही एक काळजी घ्यावी लागते, ती मला त्या दुसऱ्या मिस्त्रींनी दाखवली. जुना वायसर कधीकधी बोल्टबरोबर निघत नाही, चेंबरलाच चिकटून राहतो, काळ्या ऑईलमध्ये तो चेंबरचाच भाग वाटतो. वर नवीन घातला की दोन वायसर एकावर एक होतात आणि मग ते गळतंच. म्हणून आधी कपड्यानं जागा कोरडी पुसायची, नखानं कड चाचपायची, जुना हातात आल्याशिवाय नवा घालायचा नाही. फिल्टरच्या रबराचं तर याहून वाईट, जुनी रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि नवीन फिल्टर वर चढवला तर थोडं चालल्यावर प्रेशरनं रिंग बाहेर फेकली जाते आणि मिनिटाभरात ऑईल रस्त्यावर. ते विषयात नाही पण जाता जाता लिहिलं, कुणाचं तरी इंजिन वाचेल.

आणि आवळण्याचं. प्रत्येक गाडीच्या पुस्तकात तो बोल्ट किती ताकदीनं आवळायचा ते दिलेलं असतं, छोट्या गाड्यांना साधारण ३० ते ४० न्यूटन मीटर. टॉर्क पाना लावला की तेवढ्याला कट्ट आवाज येतो, संपलं. हातानं सांगायचं तर वीतभर लांबीच्या पान्याला पंधरा-वीस किलोचा जोर, पूर्ण अंग टाकून पाईप घालून नव्हे. नवीन मऊ वायसर असेल तर एवढ्या जोरात तो बसतो आणि थेंब येत नाही. ज्याला पाईप घालावा लागतोय त्याचा वायसर गेलेला आहे असं समजावं. गळती थांबवायला एम-सील, सिलिकॉन, टेफ्लॉन टेप असले उपाय पण बघितले मी. सिलिकॉन जास्त लावलं की त्याचे तुकडे आत पडतात आणि ऑईल ओढायच्या जाळीवर जाऊन बसतात, म्हणजे बाहेर थेंब थांबला आणि आत इंजिनाची तहान सुरू झाली.

कुणी म्हणेल वीस वर्षं झाली एकच वायसर आहे, काही होत नाही. होत नाही हे खरंय, काही गाड्यांना नाही होत, नशीब. पण गळतीचा हिशोब मी करून बघितला. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि मिनिटाला एकच थेंब पडला तरी चोवीस तासांत १४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर, महिन्याला दोन लिटरच्या वर. छोट्या व्हॅनच्या इंजिनात सगळं मिळून ऑईलच तीन-साडेतीन लिटर असतं. मिनिटाला एक थेंब हा डोळ्याला काहीच वाटत नाही, उभं राहून वाट बघावी लागते.

आणि जे पडतं ते कुठे जातं? पहिल्या पावसात दसरा चौकात, कावळा नाक्यावर दुचाकीवाले कसे घसरतात ते तुमच्या पेपरात फोटोसकट येतं. उन्हाळाभर रस्त्यावर ठिपकलेलं ऑईल धूळ धरून बसतं, पहिली सर आली की वर तवंग येतो. ते वाहून गटारात, गटारातून जयंती नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत. वापरलेलं ऑईल सरकारच्या २०१६ च्या नियमांत घातक कचरा म्हणून धरलंय, गॅरेजनं ते डब्यात साठवून अधिकृत माणसाला द्यायचं असतं. मग प्रत्येक गाडी थेंबथेंब तेच रस्त्यावर सोडत फिरते, त्याला काय म्हणायचं. नदीसाठी आपण मोर्चे काढतो, मी पण गेलोय, माझ्याच दारातला डाग नदीत जात होता हे मला नंतर कळलं आणि वाईट वाटलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सर्व्हिसिंगच्या बिलावर ऑईल, फिल्टर आणि त्याच्याखाली "ड्रेन वायसर" अशी ओळ यावी. लिहिली की गॅरेजवाल्याला घालावा लागेल आणि गिऱ्हाईक विचारेल हे काय, त्याला पण कळेल. पैसे आम्ही देतो, वीसचे तीस घ्या, पण जुना वायसर फिल्टरसोबत आमच्या हातात द्या. गिऱ्हाईकांनी पण पक्कं बिल मागावं, बिल असलं तर काम बिघडल्यावर ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरला फोन करताना हातात काहीतरी असतं, माझ्याकडे बिलच नव्हतं, नुसती तोंडी बोली होती. फिल्टर बनवणाऱ्या कंपन्यांनी खोक्यातच एक वायसर टाकला तर प्रश्नच मिटतो, काही जण टाकतात असं मिस्त्री म्हणाले, सगळ्यांनी टाकावा. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा कोर्स आहे, तिथे शिकवत असतीलच, पण गॅरेजमधली निम्मी पोरं आयटीआयची नसतात, ती उस्तादाचं बघून शिकतात, त्यांच्यासाठी एखाद्या रविवारी तासाभराचं शिबिर घ्यायला काय हरकत आहे, मी माझं खराब झालेलं चेंबर दाखवायला घेऊन येतो.

अजून एक. आपल्या राज्यात स्कूल बसचे नियम २०११ पासून आहेत, प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला पाहिजे. समितीवाले आमच्याकडे फिटनेस, विमा, आग विझवायचा सिलिंडर, औषधाची पेटी बघतात, बघायलाच पाहिजेत. त्यांनी महिन्यातून एकदा गाडी जिथे उभी असते तिथली जमीन पण बघावी. शाळेच्या आवारात कुठल्या व्हॅनखाली काळा डाग पडतो ते शिपायाला पण सांगता येईल. व्हॅनवाला मित्र रागावतील माझ्यावर, रागावू देत, पोरं पावसात उभी राहण्यापेक्षा बरं.

मी आता सर्व्हिसिंग झाली की रात्री गाडीखाली खाकी पुठ्ठा अंथरतो आणि सकाळी बघतो, दोन दिवस कोरडा राहिला की मग निर्धास्त. पुठ्ठ्यावर डाग कुठे पडला त्यावरून बोल्ट की फिल्टर तेही कळतं. एक गोष्ट लक्षात ठेवायची, चालत्या गाडीचं ऑईल वाऱ्यानं मागे उडतं, म्हणून डाग मागे दिसला तरी गळती पुढची असू शकते, आधी पुसून घ्या आणि मग बघा. पट्टी दर सोमवारी बघतो, सोमवारी बघितली नाही तर गाडी काढत नाही. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत १४ एमएमचे सहा वायसर गाडीत ठेवलेत, ग्रुपवरच्या तिघांना त्यातलेच दिले, डबी परत भरली.

आपल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात आणि आम्ही व्हॅनवाले बहुतेक सगळे मे महिन्यात गाड्या कामाला टाकतो. हे पत्र मेच्या पहिल्या पंधरवड्यात छापलंत तर त्यांना वेळेवर मिळेल. लांब झालं असेल तर वडिलांचं कापा चालेल, पण जुना वायसर चेंबरला चिकटून राहतो ते आणि बिलावरच्या ओळीचं कापू नका ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक विद्यार्थी व्हॅनचालक, कोल्हापूर